'टॉईज आर अस'चे शेवटचे दिवस : मोठं दुकान बंद होताना आत नेमकं काय चालू असतं?

जून २०१८. अमेरिकेतल्या एखाद्या 'टॉईज आर अस'च्या दुकानात तुम्ही त्या महिन्यात शिरला असता, तर सगळ्यात आधी डोळ्यांत भरली असती ती खेळणी नाहीत, तर रिकामे रॅक. एरवी छतापर्यंत खोके रचलेलं हे दुकान. आता मागचा अर्धा भाग दोरी लावून बंद केलेला, उरलासुरला माल पुढे आणून मांडलेला, आणि ज्या रॅकवर तो मांडलाय त्या रॅकवरही किमतीची चिठ्ठी. ट्रॉल्या विकायला, शिड्या विकायला, ऑफिसातल्या खुर्च्याही विकायला. छताला टांगलेल्या मोठाल्या पाट्या एकच गोष्ट सांगतायत: दुकान बंद होतंय, सगळं विकायचंय.

आणि गल्ल्यावर तेच कर्मचारी, गळ्यात तेच बिल्ले. फरक एवढाच की या वेळी त्यांच्या हातून विकली जाणारी प्रत्येक वस्तू त्यांची नोकरी थोडी आणखी जवळ आणून संपवत होती.

या दुकानाची गोष्ट सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असते. रिकाम्या दुकानात सुटकेस घेऊन उभा असलेला जिराफ, म्हणजे कंपनीचा शुभंकर जेफ्री, याचा फोटो तुम्हीही पाहिला असेल. खाली कॅप्शन ठरलेलं: अ‍ॅमेझॉनने आमचं बालपण मारलं. फोटो पाहून वाईट वाटतं हे खरं. पण कॅप्शन अर्धंच खरं आहे.

पाळण्यांपासून खेळण्यांपर्यंत

चार्ल्स लाझरस या तरुणाने १९४८ मध्ये वॉशिंग्टन शहरात लहान मुलांच्या फर्निचरचं दुकान काढलं. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, सैनिक घरी परतले होते, लग्नं होत होती, बाळं जन्माला येत होती. पाळण्यांना मरण नव्हतं. पण लाझरसच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. पाळणा एकदा घेतला की धाकट्यालाही तोच चालतो. खेळणी मात्र मोडतात, आणि मोडली नाहीत तरी मुलांना त्यांचा कंटाळा येतो. म्हणजे गिऱ्हाईक परत येणार.

१९५७ मध्ये त्याने फक्त खेळण्यांचं दुकान उघडलं आणि नाव ठेवलं 'टॉईज आर अस'. पाटीवरचा 'आर' मुद्दाम उलटा, लहान मूल गिरवताना उलटं काढतं तसा. कल्पना सुपरमार्केटची होती: गोदामाएवढी जागा, स्वतः उचला, ट्रॉलीत टाका, वर्षभर सगळं मिळेल. तोवर खेळणी म्हणजे मुख्यतः नाताळच्या आधीचा धंदा. बाकीचे महिने डिपार्टमेंट स्टोअरच्या एका कोपऱ्यात जे असेल ते.

पुढची तीस-चाळीस वर्षं या मॉडेलने इतर खेळण्यांची दुकानं अक्षरशः गिळली. एकाच प्रकारच्या मालाचं इतकं मोठं आणि स्वस्त दुकान काढायचं की बाकीच्यांना टिकताच येऊ नये, या पद्धतीचं 'टॉईज आर अस' हे व्यवस्थापनाच्या वर्गांत हमखास दिलं जाणारं उदाहरण. शेवटच्या दिवसांत डोळे पुसणाऱ्यांना हे आठवत नव्हतं, पण गावातलं छोटं खेळण्यांचं दुकान बंद पाडण्यात या जिराफाचाही हात होता.

ज्यांचं लहानपण ऐंशी-नव्वदच्या दशकात अमेरिकेत गेलं, त्यांना तिथली एक गंमत नक्की आठवेल. व्हिडिओ गेम थेट रॅकवर मिळायचे नाहीत. रॅकवर गेमचं चित्र आणि खाली कागदी चिठ्ठ्यांची चवड. चिठ्ठी घ्यायची, गल्ल्यावर पैसे भरायचे आणि मग एका बंदिस्त खिडकीतून गेम हातात पडायचा. चिठ्ठ्या संपल्या असतील तर गेम संपला. रिकाम्या खिशाकडे बघून रडलेली पोरं असंख्य असतील.

मग अ‍ॅमेझॉनने नाही, तर कोणी?

पहिला धक्का वॉलमार्टचा. १९९८ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खेळणी विकणारी कंपनी म्हणून वॉलमार्टने 'टॉईज आर अस'ला मागे टाकलं. वॉलमार्टला खेळण्यांवर नफा कमवायचीही गरज नव्हती. नाताळात खेळणी स्वस्त लावायची, लोक आत आले की किराणा आणि टीव्ही घेतात.

अ‍ॅमेझॉनशी तर कंपनीने आपण होऊन गळाभेट केली होती. २००० मध्ये दहा वर्षांचा करार झाला. 'टॉईज आर अस'ची ऑनलाइन विक्री अ‍ॅमेझॉनच्या साइटवरून होणार, आणि त्या बदल्यात तिथे खेळण्यांची मक्तेदारी आपली, असा कंपनीचा समज. थोड्याच काळात अ‍ॅमेझॉनवर इतर विक्रेत्यांचीही खेळणी दिसू लागली. कंपनी २००४ मध्ये कोर्टात गेली, २००६ मध्ये करारातून सुटली, आणि २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ५.१ कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. पैसे मिळाले, पण ऑनलाइन दुकान उभं करण्याची सगळ्यात मोलाची वर्षं हातातून गेली.

तरीही हे सगळं झेपण्यासारखं होतं. न झेपणारी गोष्ट २००५ मध्ये घडली. केकेआर, बेन कॅपिटल आणि व्होर्नाडो या तीन गुंतवणूक कंपन्यांनी मिळून 'टॉईज आर अस' सुमारे ६.६ अब्ज डॉलरना विकत घेतली. त्यांनी स्वतःच्या खिशातून घातले सुमारे १.३ अब्ज. बाकीचं कर्ज, आणि ते कर्ज चढवलं कुणाच्या डोक्यावर? विकत घेतलेल्या कंपनीच्याच.

नीट कळावं म्हणून आपल्याकडचं उदाहरण घेऊ. समजा, कुणी तुमचं चालतं हॉटेल विकत घेतलं. त्यासाठी बँकेकडून कर्ज काढलं, पण कर्जदार म्हणून नाव लावलं हॉटेलचं. आता रोजच्या गल्ल्यातून आधी हप्ता जाणार; मग भाजीवाला, मग आचारी, आणि उरलंच तर रंगरंगोटी. मालकाने घातलेली रक्कम बुडेल एवढंच, कर्ज मालकाच्या घरावर येत नाही. इंग्रजीत या व्यवहाराला लिव्हरेज्ड बायआउट म्हणतात, आणि तो पूर्णपणे कायदेशीर आहे.

'टॉईज आर अस'च्या बाबतीत या हप्त्याचा आकडा बघा. २०१६ च्या आर्थिक वर्षात कंपनीची विक्री ११.५ अब्ज डॉलर होती. धंद्यातून मिळालेला नफा सुमारे ४६ कोटी डॉलर. आणि व्याज सुमारे ४५.७ कोटी डॉलर. म्हणजे दुकान चालत होतं, लोक येत होते, खेळणी खपत होती, आणि वर्षभराची जवळजवळ सगळी कमाई व्याजात जात होती. वेबसाइट सुधारायची, दुकानं नव्याने सजवायची, पगार वाढवायचे, तर कशातून? अ‍ॅमेझॉन आणि वॉलमार्टशी झुंजायला निघालेला हा गडी एक हात पाठीमागे बांधूनच उतरला होता.

सहा महिन्यांत खेळ खलास

१८ सप्टेंबर २०१७ ला कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. तेव्हा बंद करण्याचा विचार नव्हता. कर्ज नव्याने बांधून घ्यायचं होतं. पण वेळ वाईट होती. दिवाळखोरीची कुणकुण लागताच अनेक पुरवठादारांनी उधारीवर माल द्यायला नकार दिला होता. आधी रोख, मग माल. त्यात नाताळचा हंगाम पडला. जानेवारी २०१८ मध्ये १८२ पर्यंत दुकानं बंद करण्याची घोषणा झाली आणि १५ मार्चला उरलेल्या सगळ्या दुकानांची. अमेरिकेत तेव्हा सुमारे ७३५ दुकानं आणि त्यांत सुमारे ३३ हजार माणसं होती.

संस्थापक लाझरस बरोबर एका आठवड्याने, २२ मार्चला, ९४ व्या वर्षी वारले. क्लिअरन्स सेल त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाला. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

ब्रिटनमधली शंभरच्या आसपास दुकानं तर त्याही आधी, एप्रिलअखेर बंद झाली. अमेरिकेतल्या दुकानांचा शेवटचा दिवस २९ जून.

सेल कोणाचा आणि कोणासाठी?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ, कारण असा सेल आपल्या गावातही कधी ना कधी लागतो आणि आपण धावत सुटतो.

कंपनी मोडीत निघाली की सेल दुकान चालवत नाही. त्यासाठी वेगळ्या कंपन्या असतात, ज्यांचा धंदाच दुसऱ्यांची दुकानं रिकामी करणं हा. 'टॉईज आर अस'साठी गॉर्डन ब्रदर्स, हिल्को, टायगर, ग्रेट अमेरिकन अशा कंपन्या एकत्र आल्या होत्या. त्या आपली माणसं दुकानांवर पाठवतात. पाट्या त्यांच्या, दर त्यांचे, वेळापत्रक त्यांचं. कर्मचारी मात्र जुनेच. या कंपन्या कधी ठोक रकमेची हमी देतात, कधी विक्रीवर कमिशन घेतात. दोन्हीकडे गणित एकच: ठरलेल्या तारखेपर्यंत दुकान रिकामं व्हावं, पण एक रुपयाही गरजेपेक्षा जास्त सवलत जाऊ नये.

म्हणूनच पहिल्या आठवड्यात सवलत नावापुरती असते. बातमी ताजी, गर्दी आपोआप; लोक भावनेपोटी येतात. त्यांना दहा टक्केही पुरतात. शिवाय ही सवलत बऱ्याचदा छापील किमतीवर मोजतात, रोजच्या दरावर नाही. एखादं खेळणं छापील १,००० चं, पण दुकानात नेहमी ८०० ला मिळत असेल, तर 'दहा टक्के सूट' लावून ते ९०० ला जातं. सेलमध्ये घेतलं आणि शंभर जास्त मोजले. २०१८ मध्येही सुरुवातीच्या दिवसांत असंच झाल्याच्या तक्रारी अनेक ग्राहकांनी केल्या होत्या. फोन काढून ऑनलाइन दर बघितला की तोच डबा बाहेर स्वस्त.

नंतर सवलत पायरी-पायरीने वाढते. वीस, तीस, पन्नास, शेवटी नव्वद टक्के. पण चांगला माल पहिल्या दोन पायऱ्यांतच उडालेला असतो. लेगोसारख्या गोष्टी नव्वद टक्क्यांपर्यंत कुणी टिकू देत नाही. शेवटच्या आठवड्यात हाती लागतं ते उन्हाळ्यात कुणाला नको असलेलं हिवाळ्याचं सामान, फाटक्या खोक्यातले संच आणि बाहुलीशिवायचे बाहुलीचे कपडे.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. अशा सेलमध्ये कधीकधी त्या दुकानाचा नसलेला मालही आणून मांडला जातो. गर्दी आहेच, तर आपलाही माल खपवू, हा हिशोब. म्हणजे 'बंद होणाऱ्या दुकानातली शेवटची आठवण' म्हणून जे घेतलं, ते त्या दुकानात कधी आलंच नव्हतं, असंही होऊ शकतं.

परत घेणं, बदलून देणं बंद. पॉइंट, कूपन बाद. आणि गिफ्ट कार्ड? 'टॉईज आर अस'ने ती साधारण महिनाभर, २१ एप्रिलपर्यंत स्वीकारली. त्यानंतर ते नुसतं प्लास्टिक. गिफ्ट कार्ड घेणं म्हणजे दुकानाला बिनव्याजी, बिनतारण उधार देणं, हे आपल्या डोक्यात कधी येतच नाही. दुकान बुडालं की कार्डवाला रांगेत फार मागे असतो. ('बेड बाथ अँड बियाँड' या दुसऱ्या साखळीने तेव्हा मोठ्या मनाने ही कार्डं आपल्या कार्डांवर बदलून देऊ केली होती. पाच वर्षांनी, एप्रिल २०२३ मध्ये, तीच दिवाळखोरीत गेली.)

तेव्हा असा सेल दिसलाच तर सगळ्यात आधी त्या दुकानाचं गिफ्ट कार्ड किंवा परताव्याची पावती खिशात आहे का ते पाहा आणि ती पहिल्याच दिवशी वापरा. बॅटरीवर चालणारं खेळणं दुकानातच चालवून बघा, कारण बिघडलं तर जायचं कुठे? वॉरंटी दुकानाची की बनवणाऱ्या कंपनीची, हेही विचारा. बनवणाऱ्याची असेल तर ती दुकानाबरोबर मरत नाही.

पैसे कोणाला मिळाले?

सेलमधून आलेली रक्कम जाते धनकोंकडे, म्हणजे ज्यांचे पैसे कंपनीकडे अडकलेत त्यांच्याकडे, आणि त्यांचीही रांग असते. मालमत्ता तारण ठेवून कर्ज देणारे पुढे. दिवाळखोरीचं कामकाज चालवणाऱ्या वकिलांची आणि सल्लागारांची फी तर त्याच्याही आधी निघते. उधारीवर माल देणारे मागे. बार्बीवाल्या मॅटेल कंपनीचे दिवाळखोरीच्या वेळी १३ कोटी डॉलरहून जास्त अडकले होते, हॅस्ब्रोचे जवळपास सहा कोटी. या दोघी मोठ्या, सावरल्या. तरी त्या वर्षी विक्री घसरल्याचं कारण म्हणून दोघींनी याच दुकानाचं नाव घेतलं. छोट्या खेळणीवाल्यांचं काय झालं असेल याची कल्पना करता येते.

आणि कर्मचारी? अमेरिकन कायद्याप्रमाणे त्यांना साठ दिवसांची नोटीस होती. पण वीस-वीस, तीस-तीस वर्षं काम केलेल्यांनाही नोकरी गेल्याबद्दलचा मोबदला मिळणार नाही, असं सांगण्यात आलं. काही महिन्यांपूर्वीच, डिसेंबर २०१७ मध्ये, कोर्टाने वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी कोटभर डॉलरहून जास्त बोनस मंजूर केला होता. कारण दिलं होतं, नाताळची विक्री चांगली व्हावी म्हणून त्यांना प्रोत्साहन.

दुकानातल्या बायकांनी, त्यात बहुसंख्य गल्ल्यावरच्या आणि गोदामातल्या, हे मुकाट्याने घेतलं नाही. मोर्चे काढले, गुंतवणूक कंपन्यांच्या दारात गेल्या, आणि ज्या सरकारी पेन्शन फंडांचे पैसे या कंपन्या वापरतात त्यांच्या बैठकांतही उभ्या राहिल्या. हा डाव अचूक होता: शिक्षक आणि सरकारी नोकरांच्या निवृत्तीच्या पैशातून दुसऱ्यांच्या नोकऱ्या जातायत, हे फंडांना ऐकायला आवडलं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये केकेआर आणि बेन यांनी २ कोटी डॉलरचा मदत निधी जाहीर केला. ३३ हजारांत सारखा वाटला असता तर माणशी ६०० डॉलर. एका महिन्याचं घरभाडंही नाही. पण कायद्याने ते काहीच देणं लागत नव्हते, हेही खरं.

कायदाच बदलायला हवा, हे कंपनीचं मुख्यालय जिथे होतं त्या न्यू जर्सीने मनावर घेतलं. २०२० मध्ये तिथे कायदा झाला: मोठ्या कंपनीने एकदम पुष्कळ माणसं काढली, तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एका आठवड्याचा पगार द्यावाच लागेल. अंमलबजावणी एप्रिल २०२३ पासून सुरू झाली.  न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या हजारो मराठी माणसांनाही तो लागू आहे, आणि तो खेळण्यांच्या दुकानातल्या बायकांमुळे आलाय हे त्यांच्यातल्या किती जणांना माहीत असेल!

आपल्याकडे कंपनी मोडीत निघाली तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचं कलम ५३ रांग ठरवतं. त्यात कामगारांची मागच्या २४ महिन्यांची देणी तारणवाल्या बँकांच्या बरोबरीने धरली आहेत, आणि इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार त्यानंतर. कागदावर हे अमेरिकेपेक्षा बरं आहे. हाती किती पडतं, ते मालमत्ता विकून उरतं किती यावर.

जिराफ कुठे गेला?

नाव मेलं नाही. कॅनडातली दुकानं फेअरफॅक्स या कंपनीने घेतली, आशियातला धंदा वेगळा होता म्हणून चालू राहिला. भारतात तर पहिलं 'टॉईज आर अस' बंगळूरूत उघडलं ते २०१७ मध्ये, म्हणजे तिकडे दिवाळखोरीचा अर्ज झाला त्याच वर्षी. ब्रिटनच्या हॅम्लेज या आणखी जुन्या खेळणीवाल्याला २०१९ मध्ये रिलायन्सने विकत घेतलं, हे तुम्हाला मॉलमध्ये फिरताना दिसतच असेल. अमेरिकेत 'टॉईज आर अस'ची दोन छोटी दुकानं २०१९ मध्ये पुन्हा उघडली, करोनात बंद पडली. आता मेसीज या डिपार्टमेंट स्टोअरच्या आत तिचे कोपरे आहेत. लाझरसने ज्या कोपऱ्यातून खेळणी बाहेर काढली, तिथेच ती परत गेली.

मुख्यालयात जेफ्रीचा सुमारे १६ फुटी पुतळा होता. सगळी मालमत्ता विकायला निघाली तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळेना. शेवटी विक्रीच्याच कामात असलेल्या एका सल्लागाराने पदरचे पैसे घालून तो न्यू ब्रन्सविकच्या मुलांच्या हॉस्पिटलला दिला. एडिसनहून गाडीने थोड्याच मिनिटांवर हे गाव. जिराफ तिथे उभा आहे आणि त्याच्यावर किमतीची चिठ्ठी नाही.